माझ्या याडीला आई करू नका

मागल्या अंकात एक गुन्हा झाला. 'आमच्याकडून झाला' असं लिहिणार होतो. पण 'आम्ही' या शब्दाआड लपायची सवय संपादक जातीला फार. गुन्हा मी केला.

आपला एक नवा दोस्त आहे. यवतमाळकडच्या तांड्यातला, आता नवी मुंबईत. आईबाप सकाळी नाक्यावर उभे राहतात, मुकादम नेईल तिथं बिगारी करतात. हा दिवसा कुरिअरच्या पिशव्या वाहतो, रात्री कॉलेज. त्यानं आईवर चार पानं लिहून आणली. वहीचा कागद, दोन्ही बाजूंनी भरलेला. सातच्या नाक्यावर उभी असलेली बाई कोणाशी कशी बोलते, कोणत्या भाषेत मजुरी ठरवते, कोणत्या भाषेत शिवी हासडते, कोणत्या भाषेत रडते, हे सगळं त्यात होतं. मी एका दमात वाचलं. छापायचं ठरवलं. आणि मग हातात लाल पेन घेतलं.

प्रुफं बघणाऱ्या दोस्तानं विचारलं, ''हे 'याडी' काय आहे? 'येडी' पाहिजे का?''

मी म्हणालो, ''नाय रे. बंजाऱ्यांत आईला याडी म्हणतात.''

''मग आई कर ना. वाचणाऱ्याला कसं कळणार?''

मला पटलं. हे मुद्दाम लिहून ठेवतो, मला ते पटलं. अकरा ठिकाणी 'याडी' होतं. अकराही ठिकाणी मी 'आई' केलं. मग हात सैल सुटला. ती मुकादमाशी तेलुगूत भांडते, ते मराठीत आणलं. नाक्यावरचं तिचं हिंदी पुस्तकातल्या हिंदीसारखं सरळ केलं. नवऱ्याला गोरमाटीत हाक मारते ते वाक्य तर 'ओघात अडथळा येतो' म्हणून कापूनच टाकलं. अंक निघाला. दोनचार जणांनी लेख आवडला म्हणून सांगितलं. मी खूष.

रविवारी पोरगा आला. चहाच्या टपरीवर अंक उघडून माझ्यापुढं धरला.

''भाऊ, ही बाई कोण?''

''तुझी आई.''

''माझी नाय ही. ही कोणतरी मास्तरीण बाई आहे. माझी याडी कुठं गेली?''

मी वाचकांचं सांगायला लागलो. कळण्याचं, ओघाचं, छपाईचं. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, ''शाळेत गुरुजींनी हेच केलं होतं भाऊ. पण ते आपले नव्हते. तुम्ही आपले ना? माझ्या याडीला आई करू नका.''

चहा तसाच ठेवून तो गेला.

दोस्तहो, या पानावर आजवर मी प्रस्थापितांच्या भाषेला किती शिव्या दिल्यात ते तुम्हाला ठाऊक आहे. सदाशिवपेठी मराठी, सोवळं व्याकरण, शुद्धलेखनाचं जानवं. सगळं लिहून झालं. आणि ते जानवं माझ्याच शर्टाखाली निघालं.

आता माझ्या घरातलं सांगतो. नाहीतर वरचं सगळं नुसतं माफीपत्र होईल.

माझी आई १९७२ च्या दुष्काळात बीड जिल्ह्यातून बापाचं बोट धरून मुंबईत आली. बारा वर्षांची होती. शाळेचा उंबरा तिनं पाहिलेला नाही. मानखुर्दची वस्ती. आधी भंगार वेचलं, लग्नानंतर धुणीभांडी. चेंबूर कॅम्पातल्या सिंधी घरात दहा वर्षं, घाटकोपरच्या गुजराती घरात त्याहून जास्त. शेजारी सेलमकडच्या तमिळ बाया, आणि नळ सगळ्यांत मिळून एक. भंगारवाला उत्तर प्रदेशातला.

तिची एक सकाळ सांगतो. पहाटे नळाला पाणी आलं की ती गल्लीत ओरडायची, ''तण्णी वंदुरुच्चु!'' मग आमच्याकडं वळून, ''उठा रं, पानी आलंय.'' आठ वाजता भंगारवाल्यापुढं, ''पाच किलो पत्रा है, सीधा भाव बोल, मगज मत खा.'' दुपारी शेठाणीला, ''बेन, काले नथी आववानी.'' संध्याकाळी सिंधी म्हातारीशी तिच्या भाषेत तिच्या गुडघ्यांची चौकशी. रात्री आमच्याशी बीडची बोली. पाच भाषा. एकाही भाषेचं पुस्तक तिनं उघडलेलं नाही. प्रत्येक भाषा तिनं कामावर, रांगेत, भांडणात कमावली. पोटासाठी आणि पाण्यासाठी.

मी मात्र शाळेत गेलो. तिथं मी 'पानी' म्हणालो आणि वर्ग हसला. बाईंनी फळ्यासमोर उभं केलं आणि सगळ्यांपुढं 'पाणी' म्हणून घेतलं, पुन्हा पुन्हा. त्या दिवशी मला दोन गोष्टी कळल्या. एक, 'ण' नावाचं अक्षर आहे. दोन, त्या अक्षराला जात आहे. गावात वेस असते तशी जिभेवरही वेस असते, आणि 'ण' हा त्या वेशीवरचा राखणदार. आत जायचं तर त्याला ओळख दाखवावी लागते.

शाळेत खाल्लेला मार मी घरी आणून आईला दिला. ''आई, पानी नाही. पाणी म्हण.'' तिनं दोन दिवस प्रयत्न केला. जमलं नाही की हसायची. मी हसत नव्हतो. कॉलेजात गेल्यावर मित्र घरी येऊ लागले, तेव्हा तर मी तिला डोळ्यांनीच दटावायचो. मग हळूहळू मी घरात असलो की ती कमी बोलायला लागली. आपली आई आपल्यापुढं जपून बोलते, हे कळायला मला पंधरा वर्षं लागली.

आणि बघा, जिच्या जिभेला 'ण' वळत नाही म्हणून मला लाज वाटत होती, ती पहाटे 'तण्णी' म्हणताना पक्का 'ण' म्हणत होती. शेजारच्या बायांसारखा. म्हणजे जीभ जड नव्हती. तमिळ बायांनी तिच्याशी नळावर बोलता बोलता तो दिला, कोणी हसलं नाही, तिनं घेतला. मराठीचा 'ण' तिला हातात कोणी दिलाच नाही. तो नेहमी छडीसारखा उगारला गेला.

फेब्रुवारी २०११. शिरगणतीवाले मास्तर आमच्या गल्लीत आले. तेव्हा मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला. घरातला शिकलेला मीच, म्हणून उत्तरं मीच दिली. त्या अर्जात मातृभाषेचा एक रकाना होता, आणि त्याखाली येणाऱ्या इतर भाषांसाठी जागा, फार तर दोन भाषा मावतील एवढी. मास्तरांनी आईबद्दल विचारलं, ''मातृभाषा?'' मी म्हणालो, ''मराठी.'' ''आणखी कुठली भाषा येते?'' मी म्हणालो, ''छे हो. तिला काय येतंय. अडाणी आहे ती.''

आई दारातच भांडी घासत होती. तिनं मान वर केली नाही. माझ्या नावापुढं मी हिंदी आणि इंग्रजी लिहून घेतलं. तेव्हा मला इंग्रजीत धड एक अर्ज लिहिता येत नव्हता.

पाच भाषा बोलणारी बाई सरकारदप्तरी एकभाषी झाली. हे कोणा ब्राह्मणानं केलं नाही, कोणा कारकुनानं केलं नाही. तिच्या भीमाच्या लेकरानं केलं.

म्हणून मी म्हणतो, हा प्रश्न याडी की आई एवढा नाही. एकाच माणसाला चार भाषा येणं ही गोष्ट आपल्याकडं कधी ज्ञान ठरते आणि कधी भेसळ ठरते, हा प्रश्न आहे. बंगल्यातला पोरगा पैसे भरून जर्मन शिकला की तो बहुभाषिक. पेपरात फोटो. नाक्यावरची बाई बिनपैशानं पाच भाषा शिकली की ती अडाणी. त्याच्या इंग्रजीत मराठी शब्द आला तर ते संस्कार. तिच्या मराठीत तमिळ शब्द आला तर ती धेडगुजरी भाषा.

थांबा, हा शब्द नीट बघा. धेडगुजरी. आजही चांगले शिकलेले लोक तो सहज लिहितात, भाषा बिघडल्याची तक्रार करताना. त्यात धेड म्हणजे कोण? आपणच. गुजरातेत आणि इकडं अस्पृश्याला हिणवायला वापरलेलं जातीचं नाव. म्हणजे मराठीत मिसळलेल्या भाषेला नावच अस्पृश्याचं आहे. जिथं दोन भाषांचा एकमेकींना स्पर्श झाला, तिथं त्यांना आपली जात आठवली. भाषेची शुद्धता आणि रक्ताची शुद्धता एकाच विहिरीतून पाणी भरते, याचा आणखी वेगळा पुरावा कशाला पाहिजे? तो शब्दकोशातच पडलेला आहे.

आता सरकारची मोजणी बघू. २०११ च्या शिरगणतीत देशातल्या लोकांनी आपापल्या मातृभाषेची १९,५६९ नावं सांगितली. छाननी झाली, १,३६९ मातृभाषा उरल्या. त्यांचे पुन्हा गट पाडले, दहा हजारांच्या वर बोलणारे असलेल्या तेवढ्या ठेवल्या, आणि भाषा ठरल्या १२१. त्यातल्या २२ घटनेच्या आठव्या परिशिष्टात. बाकीच्या बाहेर. भाषांनाही गावठाण आहे आणि भाषांनाही गावकूस आहे.

या छाननीत आपल्या दोस्ताच्या याडीचं काय झालं? त्या शिरगणतीत लमाणी किंवा लंबाडी ही मातृभाषा सांगणारे ३२ लाखांहून जास्त लोक निघाले. एवढी माणसं. त्यांची भाषा कुठं मोजली? हिंदीत. हिंदीच्या पोटात जी पन्नासावर नावं घातली आहेत, त्यांतलं एक हे. मग तेच आकडे घेऊन हिंदी सगळ्यात मोठी म्हणून मिरवायचं. मी याडीची आई केली, सरकारनं तिची माँ केली. फरक तेवढाच.

आणि हेच लोक जमातीच्या रकान्यात बघा. तेलंगणात बंजारा अनुसूचित जमातीत. कर्नाटकात अनुसूचित जातीत. महाराष्ट्रात विमुक्त जातीत. तिन्हीकडं भाषा एक, तिन्हीकडं आईला याडीच म्हणतात, पण सरहद्द ओलांडली की माणसाचा रकाना बदलतो. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं ज्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवलं आणि ज्यांच्या कपाळावरचा तो शिक्का पुसायला १९५२ साल उजाडावं लागलं, त्या विमुक्तांच्या भाषा तर पोलिसांना नेहमी चोरांच्याच वाटल्या. कैकाडी बोलला की संशय. पारधी बोलला की संशय. दोन भाषा येणाऱ्या गरिबाकडं व्यवस्था अशी बघते, जणू दुसऱ्या भाषेत त्यानं काही लपवून ठेवलंय.

२०२५ साली महाराष्ट्रात भाषेवरून रण माजलं ते तुम्ही पाहिलंत. एप्रिलात आदेश निघाला, पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा. जूनमध्ये तो बदलून दुसरा निघाला. बोंबाबोंब झाली, मोर्चे ठरले, आणि २९ जूनला दोन्ही आदेश मागं घेऊन समिती नेमली गेली. सक्तीला आपलाही विरोध होता, आहे. पण त्या गदारोळात मी एका वाक्याची वाट बघत राहिलो. ते कोणी बोललं नाही. सगळे म्हणत होते, सहा वर्षांच्या पोरावर तिसऱ्या भाषेचं ओझं नको. अरे, तांड्यावरच्या पोराला मराठी हीच दुसरी भाषा आहे. गडचिरोलीच्या माडिया पोराला, मेळघाटातल्या कोरकू पोराला, सातपुड्यातल्या भिलाच्या पोराला मराठी दुसरी, इंग्रजी तिसरी, आणि तुमची ती तिसरी त्याची चौथी. त्याचं ओझं कोणी मोजलं? मराठीवर अन्याय होतो म्हणून गळा काढणाऱ्यांना मराठीच्या पायाखाली कोण आहे हे दिसलं नाही. मराठी दिल्लीपुढं गरीब आहे, आणि गोंडीपुढं पाटील आहे.

घटनेत सोय नाही असंही नाही. ३५०-क हे कलम १९५६ साली आलं. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण त्यांच्या मातृभाषेत मिळावं यासाठी राज्यानं झटावं, असं ते सांगतं. २०२० चं शैक्षणिक धोरण शक्य तिथं निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवा म्हणतं. कागद भारी आहेत. आणि गडचिरोली जिल्ह्यातल्या मोहगावात ग्रामसभेनं २०१९ साली आपल्या हिमतीवर गोंडी माध्यमाची शाळा काढली, तर २०२२ साली तिला अनधिकृत ठरवणारी नोटीस आली. सरकारनं झटायचं होतं. लोक झटले, तर ते अनधिकृत.

इथं काही जण मला अडवतील. म्हणतील, भाऊ, मग काय पोरांना तांड्याच्या, वस्तीच्या भाषेतच कोंडून ठेवायचं? तुमच्यासारखे शिकून लिहिणार, आणि आम्हाला सांगणार बोली जपा?

हा सवाल खरा आहे. बोलीच्या नावानं गळा काढणाऱ्यांत असे पुष्कळ हरामखोर आहेत, ज्यांची पोरं परदेशात असतात आणि ज्यांना आपली भाषा संग्रहालयातल्या मडक्यासारखी हवी असते. त्यांच्या रांगेत मी उभा नाही. इंग्रजी शिका. दाबून शिका. प्रमाण मराठी शिका, 'ण' शिका, कोर्टातली भाषा शिका, कॉम्प्युटरची शिका. जी आई भांडी घासून पोराला इंग्रजी शाळेत घालते, तिला मराठीद्रोही म्हणणाऱ्याचं थोबाड बघायचीही माझी इच्छा नाही. सावित्रीबाईंनी १८५४ च्या 'काव्यफुले'त इंग्रजी शिका म्हणून सांगितलं ते उगाच नाही. जोतीरावांची 'गुलामगिरी' १८७३ ची, आत आपल्या रांगड्या मराठीत, आणि तिला प्रस्तावना इंग्रजीतही, अर्पण अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. ज्याला ऐकवायचं त्याच्या भाषेत बोलायचं, हे जोतीरावांना कळत होतं. त्यांच्या मराठीच्या व्याकरणाची टर उडवणारे चिपळूणकर तेव्हाही होते. जोतीरावांनी त्यांच्यासाठी आपली भाषा धुतली नाही.

आणि बाबासाहेब. शाळेत त्यांना संस्कृत शिकायचं होतं. महाराच्या पोराला संस्कृत नाही, म्हणून फारसी घ्यावी लागली. भाषा ही विहीर असते आणि तिच्यावर पहारा असतो, हे त्यांनी तेव्हाच पाहिलं. पुढं त्यांनी काय केलं? १९२० साली 'मूकनायक' काढला तो मराठीत, १९२७ साली 'बहिष्कृत भारत' मराठीत, कारण बोलायचं होतं आपल्या माणसांशी. १९३० साली लंडनच्या गोलमेज परिषदेत इंग्रजीत, कारण ऐकवायचं होतं साम्राज्याला. १९३६ चं 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' इंग्रजीत, कारण ते लाहोरच्या सभेसाठी होतं. संस्कृत नाकारली होती, ती स्वतः शिकून घेतली आणि तिच्यातलेच ग्रंथ उलगडून दाखवले. शेवटी पालीचा कोश करायला बसले. कोणत्या भाषेत कोणाशी बोलायचं हे तेच ठरवत होते. दुसऱ्या कोणाला त्यांनी ते ठरवू दिलं नाही. माझ्या मते भाषेबद्दलचं आपलं सगळं राजकारण एवढंच आहे. सगळ्या भाषा घ्यायच्या, आणि एकीचीही किंमत म्हणून घरची भाषा मोजायची नाही.

याच्याही मागं जायचं असेल तर बुद्धाकडं जाऊ. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळातून आलेले, गोड गळ्याचे दोन भिक्खू भगवंताकडं तक्रार घेऊन गेले. म्हणाले, नाना जातींचे, नाना कुळांचे लोक संघात येतात आणि आपापल्या बोलीत बोलून तुमचं वचन बिघडवतात. आम्ही ते छंदात, वेदाच्या वळणावर बसवून देतो. बुद्धानं त्यांना झापलं. तसं करणं हा दोष ठरवला, आणि वचन आपल्या भाषेत शिकण्याची मोकळीक दिली. आता हे 'आपल्या भाषेत' म्हणजे कोणाच्या? बहुतेक अभ्यासक म्हणतात, शिकणाऱ्याच्या. पण हजारएक वर्षांनी बुद्धघोष आला आणि त्यानं अर्थ लावला, आपल्या म्हणजे बुद्धाच्या, म्हणजे मागधीतच. बघितलंत? दार उघडून दिलेलं असतं, आणि मागून येणारा आपलाच माणूस, भक्तीपोटी, पुन्हा कडी लावतो. मीही तेच केलं. वाचकाच्या भक्तीपोटी.

मज्झिम निकायातल्या अरणविभंग सुत्तात तर भांड्याचंच उदाहरण आहे. एकाच पात्राला वेगवेगळ्या मुलखांत पाति, पत्त, सराव अशी सात नावं आहेत. बुद्ध सांगतो, जिथं लोक जे म्हणतात तिथं ते म्हणा. हेच खरं, बाकी सगळं खोटं, असा हट्ट धरू नका. तो हट्टच भांडणाचं मूळ. माझी आई आयुष्यभर दुसऱ्यांची भांडी घासत आली. प्रत्येक घरात त्या भांड्याला वेगळं नाव. तिनं हट्ट धरला नाही. सुत्त न वाचता ती सुत्तासारखी वागली. सुत्त वाचलेला मी मात्र लाल पेन घेऊन बसलो. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीबरोबर पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आपण पेढे वाटले. वाटायलाच पाहिजे होते. पण पालीत जे सांगितलंय ते आपण आपल्या गल्लीत वापरतो का?

नाही वापरत. आपल्या बैठका आठवा. वक्ता उभा राहिला की त्याची भाषा बदलते. 'परिप्रेक्ष्य', 'अधोरेखित', 'अन्वयार्थ'. मागं बसलेल्या बाया जांभया देतात, आणि आपण म्हणतो बायांत जागृती नाही. पलीकडच्या गल्लीतले तमिळ दलित आपल्या जयंतीला वर्गणी देतात, बाबासाहेबांच्या फोटोला हार घालतात, पण स्टेजवर कोणी त्यांच्या भाषेत एक वाक्य बोलत नाही. १९८२ साली मदुरैत दलित पँथरची चळवळ उभी राहिली. शब्द इथून तिकडं गेला. आणि इथं तरी तो कुठून आला होता? १९६६ साली अमेरिकेतल्या ओकलंडमध्ये काळ्या पोरांनी उचललेला शब्द १९७२ साली मुंबईच्या वस्तीत उतरला. तेव्हा कोणी म्हणालं का, 'पँथर' नको, शुद्ध मराठीत 'चित्ता' म्हणा? आपली चळवळच मुळी दोन भाषांच्या सांध्यावर जन्मली. भीमाची कव्वाली ऐकत आपण लहानाचे मोठे झालो. ठेका दर्ग्यातला, शब्द मराठी-हिंदी-उर्दूचे, आणि नाव बाबासाहेबांचं. धेडगुजरी म्हणून कोणी हिणवलं तर सांगा, होय, आहे. आमच्याच नावानं आहे.

त्याच १९७२ साली 'गोलपिठा' आला. प्रस्तावना विजय तेंडुलकरांची. त्या कवितांतले कितीतरी शब्द आपल्याला कळले नाहीत हे तेंडुलकरांनी उघड मान्य केलं, नामदेव ढसाळांना अर्थ विचारले, ते जग बघायला त्यांच्याबरोबर गेले. मध्यमवर्गातला मोठा लेखक शब्द कळला नाही म्हणून शब्दाच्या मागं चालत गेला. मी वस्तीतला संपादक, शब्द कळत असून तो मारला. कोण जास्त पांढरपेशा ते तुम्हीच ठरवा.

मग आता काय करायचं?

एक. तो लेख याच अंकात पुन्हा छापला आहे. जसा लिहिला होता तसा. अकरा ठिकाणी याडी, तेलुगू भांडण तेलुगूत, नाक्यावरचं हिंदी नाक्यावरचंच, आणि कापलेलं गोरमाटी वाक्य जागेवर. कंसात अर्थ दिलेला नाही. ज्याला कळणार नाही त्यानं शेजारच्या बंजारा दोस्ताला विचारावं. दोस्त नसेल तर तो का नाही, हे स्वतःला विचारावं.

दोन. यापुढं या मासिकात कोणाचाही शब्द लेखकाला विचारल्याशिवाय बदलला जाणार नाही. लेखक म्हणाला सुधारा, तर सुधारू. ज्याला प्रमाण मराठीत लिहायचं त्यानं खुशाल लिहावं, तीही आपलीच भाषा आहे, तिच्यावर कोणाचा सातबारा नाही.

तीन. बैठकीत प्रत्येकानं आपल्या भाषेत बोलायचं. शेजाऱ्यानं दुसऱ्याला सांगायचं. वेळ लागेल. लागू द्या. आपल्या आया नळावर हेच करतात आणि त्यांचं पाणी कधी अडत नाही.

चार, आणि हे सगळ्यात तातडीचं. २०२१ ची शिरगणती झालीच नाही. १ मार्च २०२७ ही तारीख धरून पुढची होणार, आणि तीत जात विचारली जाणार, असं सरकारनं २०२५ साली जाहीर केलं. जातीच्या रकान्यावर आपण जागे आहोत. भाषेच्या रकान्यावरही जागे राहा. गोरमाटी बोलणाऱ्यानं गोरमाटी सांगा, मराठी नको, हिंदी नको. कैकाडीनं कैकाडी, वडारानं वडारी, पारध्यानं पारधी. आणि घरातल्या म्हाताऱ्या बाईच्या वतीनं तुम्ही उत्तर देऊ नका. तिला विचारू द्या. तिला बोलू द्या. दोनच भाषांना जागा असेल तर कोणत्या दोन, हेही तीच सांगेल.

हे लिहिण्याआधी मी आईपुढं बसलो. २०११ ची गोष्ट काढली. तिला आठवत होती. मी म्हणालो, आई, तुला पाच भाषा येतात, मी खोटं लिहून दिलं. ती माझ्याकडं बघत राहिली, मग म्हणाली, ''मला कुठं येत्यात रं भाषा? म्या निस्तं बोलते.''

मी म्हणालो, ''तेच तर.''

''मंग आता कामून विचारायला?''

मला लगेच उत्तर देता आलं नाही. तिनं माठाकडं बोट केलं. म्हणाली, ''पानी दे जरा.''

मी पानी दिलं.

आपल्या दोस्ताला एवढंच सांगायचं आहे. अंक घेऊन मी तुझ्या नाक्यावर येतोय, सोमवारी सकाळी सातला. तुझ्या याडीला भेटायचंय. तिला जी भाषा सोयीची वाटेल तीत तिनं मला झापावं. कळली नाही तर तू सांग.

जयभीम.